लाटण्याला लावलेला कान

आमच्या शेडमध्ये एक शिसवी लाटणं आहे. पोळ्या तिथं कुणी लाटत नाही. पोलादाच्या जाड भांड्याच्या आत काय चाललंय ते ऐकायला ते लागतं. एक टोक भांड्याच्या पोटाला टेकवायचं, दुसऱ्या टोकावर कान ठेवायचा आणि श्वास रोखायचा. या कामाला लाकडासारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे, आणि माझ्याशी त्यावर कुणी वाद घालत नाही, कारण लाटणं माझ्या घरचं आहे.

भांड्यात असतात जुनी चुंबकं. बंद पडलेल्या संगणकांमधली, मोडीत निघालेल्या स्कूटरच्या मोटारींमधली. निओडिमियम, लोखंड आणि जरासं बोरॉन, एवढाच त्यांचा मालमसाला. हातोडीनं फोडायला जावं तर तुकडे उडतात, पीठ काही होत नाही. पीठ हायड्रोजन करून देतो. भांड्यातली हवा पंपानं ओढून घ्यायची, हायड्रोजन भरायचा, चावी बंद करायची आणि वाट बघायची. बराच वेळ काहीच होत नाही. मग केव्हातरी धातू तो वायू प्यायला लागतो. वायू कणाकणांच्या सांध्यांत शिरतो, सांधे फुगतात आणि एवढा घट्ट धातू आपणहून फुटू लागतो. ना आग, ना घाव. लाटण्यातून ऐकलं तर कढईत ज्वारीच्या लाह्या तडतडाव्यात तसा आवाज येतो. म्हणून आमच्याकडे त्याला ‘लाह्या लागल्या’ असंच म्हणतात. नव्या भांड्यातून पहिली खेप निघाली तेव्हा चाचांनी पेढ्यांच्या ऐवजी गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या खऱ्याखुऱ्या लाह्या वाटल्या होत्या.

चाचा म्हणजे आमचे गॅसवाले. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, जुन्या शहरात राहणारे, तोंडानं सारखे चालू. सिलिंडरच्या चाव्या त्यांच्याकडे आणि कान माझा, अशी आमची वाटणी होती. भांड्यावरची दाबाची सुई खाली येऊ लागली आणि मी ‘लाह्या लागल्या’ म्हटलं, की चाचा चावी उघडून आणखी हायड्रोजन सोडायचे. धातू पीत असताना दाब पडू द्यायचा नाही हा आमचा नियम. आत काम सुरू झाल्याची तिसरी खूण म्हणजे भांडं कोमट होतं, कारण वायू पिताना धातू तापतो. पण तोवर सुईनं आणि कानानं सगळं सांगितलेलं असतं. हात लावून बघायची सवय कुणालाच नव्हती.

हे झालं थंड भांड्याचं. खरी भुताटकी पुढच्या भट्टीत चालते.

तिथं धातू तोच, हायड्रोजनही तोच, फक्त उष्णता वाढवायची, आठशे अंशांच्या आसपास न्यायची. आता तो नुसता फुटत नाही, मोडतो. निओडिमियम हायड्रोजनला जाऊन चिकटतं, लोखंड वेगळं पडतं, बोरॉन थोडं लोखंड घेऊन तिसरीकडे बसतं. त्या वेळी भट्टीत चुंबकाचा धातू म्हणून काही उरलेलंच नसतं. मग उष्णता तीच ठेवून दाब सावकाश उतरवायचा. हायड्रोजन निघून जातो आणि विखुरलेले तिघं परत एक होतात. भट्टी तेवढीच तापलेली, बाहेर फक्त सुई हलते, आणि तेवढ्यावर आत एक आहे की तीन हे ठरतं. भट्टी जितकी जास्त तापवाल तितका त्यांना वेगळं ठेवायला दाबही जास्त लागतो.

इथवर मला झेपतं. पुढचं झेपत नाही. चुंबकाच्या प्रत्येक कणाला तोंड असतं, एक दिशा असते. मोडताना दाब बेताचा ठेवला आणि उतरवताना घाई केली नाही, तर परत आलेले कण जुन्याच दिशेला तोंड करून बसतात. दाब वाढवला, वायू भसाभसा सोडला, तर धातू परत येतो खरा, पण ज्याचं तोंड जिकडे फिरेल तिकडे, आणि चुंबक दुबळं निघतं. मग मधल्या काळात, जेव्हा तो धातूच नसतो, तेव्हा ती दिशा कुठं राहते? मी मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना विचारलंय. कुणी म्हणतं बोरॉनच्या बारक्या कणांत राहते, कुणी म्हणतं मोडायचं राहून गेलेल्या एखाद्या तुकड्यात. माझं समाधान झालेलं नाही. मी धातुशास्त्र शिकलेली बाई आहे, आणि मला त्या भट्टीची भीती वाटते.

बाबांना माझं हे काम कधी नीट कळलं नाही. ते चिकलठाण्याला एका फोर्जिंगच्या कारखान्यात घणावर होते. तापलेल्या लोखंडावर दिवसभर यांत्रिक घण पडायचा आणि बाबा समोर उभे. त्यांचे कान तिथंच गेले. आता पडेगावच्या घरी दारापुढच्या ओट्यावर बसून असतात. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ मोठे करून बोलावं लागतं. पण त्यांना घण ऐकू येतो. संध्याकाळी बसल्या बसल्या मान वर करतात, ऐकतात आणि मला विचारतात, “आयकू येतंय का गं माय? घण चालू झाला बघ.” मी लहानपणी हसायचे. मोठेपणी मान हलवून नाही म्हणायचे. ते म्हणायचे, “तुझे कान कच्चे हायेत.” आणि परत ऐकत बसायचे.

कान कच्चे हा टोमणा मला फार लागायचा. कारण कान हेच तर माझं शेडमधलं भांडवल होतं. चाचा पाहुण्यांना सांगायचे, “हमारी ताईचे कान हरणाचे. भांड्याच्या आधी यांना कळतं.” मी नको नको म्हणायचे आणि ऐकून घ्यायचे.

मग लाह्या शेडबाहेर यायला लागल्या.

पहिल्यांदा स्कूटरवर. घरी येताना वेगाची सुई वर चढली आणि कानात बारीक तडतड सुरू झाली. इंजिनातच काहीतरी मोडलंय असं वाटून मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि आवाजही बंद झाला. गॅरेजवाल्याला काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात, दूध तापताना पृष्ठभाग थरथरला तेव्हा. मी गॅस बंद केला, पातेलं उचललं, ओट्याला कान लावला. बाबा दारातून बघत होते. त्यांच्या नजरेत जी ओळख दिसली ती मला अजिबात आवडली नाही.

पुढे मावशीकडची मंडळी आली आणि त्यांना दौलताबादला न्यावं लागलं. किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेत वाटाड्यानं नेहमीप्रमाणे मशाल विझवली, म्हणजे अंधार किती आहे ते लोकांना कळावं. पोरं किंचाळली, मावशीनं माझा दंड घट्ट धरला. मी घाबरले ते दुसऱ्याच कारणानं. कानात एकदम इतकी शांतता झाली की कुणीतरी आवाजच काढून घेतल्यासारखं वाटलं. मग वाटाड्यानं मशाल पेटवली, ज्योत भिंतीवर थरथरली, आणि लाह्या परत सुरू झाल्या. मला तेव्हाच उमगायला हवं होतं. मी फक्त घाईनं बाहेरची वाट धरली. मी मावशीला म्हटलं, वटवाघळांचा वास सहन होत नाही.

चाचांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “ताई, दिवसभर तेच आयकता तर घरी पण येनारच ना. मला तर सपनात बी सिलिंडरची चावी दिसते.” ऐकून बरं वाटलं. डॉक्टरकडे जाणं मी टाळत राहिले, कारण डॉक्टर काय म्हणेल याचा अंदाज मला ओट्यावर बसलेल्या माणसाकडे बघून येत होता. कान गेले तर माझं काम जाणार होतं. आणि त्याहून वाईट, माझ्या शब्दावर चाचा चावी उघडत होते.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, सगळी शटर वर. आमच्या मागच्या भिंतीला लागून दुसरी शेड आहे, तिथं लोखंडी फाटकं बनवतात. वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवरच्या जाळीतून आमच्याकडे येत असतो, त्याची आम्हाला सवय झालेली. आम्ही सकाळी सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासले होते. हवा ओढली, हायड्रोजन भरला, चावी बंद केली आणि मी लाटणं घेऊन स्टुलावर बसले.

पहिला बराच वेळ काही नाही. मग सुई उतरायला लागली आणि त्याच क्षणी लाटण्यात लाह्या तडतडल्या. स्पष्ट, भरघोस, एखाद्या बाईनं मूठभर ज्वारी कढईत टाकावी तशा.

“लागल्या लाह्या,” मी म्हटलं.

चाचा चावीपाशी उभेच होते. मी स्टुलावरून उठले. गुडघा धरलेला, म्हणून तोल सावरायला तळहात भांड्यावर टेकवला. भांडं गार होतं. नुसतं न तापलेलं नव्हे, गार. असा गारवा माझ्या हाताला एकदाच लागला होता, आई गेली त्या सकाळी तिच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा.

“थांबा!” मी ओरडले. “चाचा, चावी उघडू नका!”

त्यांचा हात चावीवर होता. तो तसाच राहिला. “काय झालं? पितंय ना ते?”

“भांडं गार आहे.”

“पण लाह्या?”

मी परत कान लावला. लाह्या चालूच होत्या. माझा हात गार भांड्यावर आणि कानात तडतड. सुई उतरतच होती. मी लाटणं चाचांपुढे धरलं आणि म्हटलं, तुम्ही ऐका. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते कानाला लावलं, डोळे मिटले, आणि मान हलवली.

“काहीच नाय ताई. मुकं हाय.”

वायू धातूत जात नव्हता. मग तो जात कुठं होता? काम संपल्यावर उरलेला हायड्रोजन सोडून द्यायची एक नळी भांड्यापासून भिंतीतून पलीकडे जाते. तिची चावी बाहेरच्या अंगाला आहे. बाहेरच्या अंगाला, म्हणजे वेल्डिंगच्या शेडकडे. आम्हा दोघांच्या नजरा एकदमच जाळीकडे गेल्या. निळा उजेड चमकत होता.

चाचा त्या वयात इतके जोरात पळू शकतात हे मला माहीत नव्हतं. बाहेरून त्यांचा आवाज आला, “बंद कर! भाई, मशीन बंद कर! खुदा के वास्ते!” निळा उजेड विझला. हायड्रोजनला वास नसतो, रंग नसतो, त्याची ज्योतसुद्धा उन्हात दिसत नाही. आम्ही सगळे रस्त्यापलीकडे लिंबाखाली जाऊन उभे राहिलो. वेल्डर विचारत होता, नक्की काय झालंय, मला तर काहीच दिसत नाही. नंतर सगळं निवल्यावर बघितलं तर भिंतीला टेकवलेलं एक फाटक घसरून नळीच्या जोडावर पडलेलं होतं. साबणाचं पाणी टाकलं की तिथं बुडबुडे येत होते. मी उठताना हात दुसरीकडे टेकवला असता, तर चाचांनी माझ्या शब्दावर चावी उघडली असती आणि पलीकडच्या ठिणग्यांवर आम्ही हायड्रोजन सोडत राहिलो असतो.

चहा पितानाही चाचांचं तोंड चालूच होतं. “असं कधी झालं नाय. तुम्ही आजवर एकदा बी चुकल्या नाय.” मला नेमकं तेच खात होतं. एकदाही चुकले नव्हते. मग आज काय ऐकलं?

आता मात्र मी कान तपासायला गेले. एक छोटी बंद खोली, भिंतींना मऊ अस्तर, समोर काच. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बसलेली. तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा, कितीही हळू असला तरी दाबा. मी दाबत गेले. जाड आवाज, मग बारीक, मग सुईच्या टोकासारखे बारीक. सगळे येत होते. मला हायसं वाटलं. हरणाचे कान, मी मनात म्हटलं.

मुलीनं दार उघडलं. ती जरा संकोचली होती. म्हणाली, “मॅडम, खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसता का? तुम्ही माझ्या हाताकडे बघताय.”

मला रागच आला. मी कुणाच्या हाताकडे बघत नव्हते. पण खुर्ची फिरवली. जाड आवाज आले. मग आवाज बारीक होत गेले, आणि मग काहीच येईना. मी अस्तराकडे बघत बसून राहिले. मशीन बंद पडलं असावं असं वाटलं. बऱ्याच वेळानं तिनं दार उघडून सांगितलं, झालं. तिच्या कागदावर रेघ एका जागेपर्यंत सरळ येत होती आणि तिथून खाली कोसळत होती. बारीक आवाज गेलेत, ती म्हणाली, आज-कालचे नाहीत, बरेच दिवस झाले असावेत. तुम्ही कधी दळायच्या यंत्रांजवळ काम केलंय का? केलं होतं. या शेडच्या आधी, कित्येक वर्षं.

“पण मघाशी मला ऐकू येत होते,” मी म्हटलं. “खरंच येत होते.”

“मी बटण दाबायचे तेव्हा माझा हात हलायचा,” ती म्हणाली. “काही जणांचं तसं होतं. डोळ्यांना दिसलं की कानात वाजतं.”

मी खोटं बोलत नव्हते हे तिला पटलं होतं, हे मला तिचं फार मोठं सौजन्य वाटलं. जिन्यात बसून मी रडले. कान गेल्याचं दुःख होतंच. पण अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. इतके महिने लाटण्याला कान लावून मी जे ऐकलं, त्यातलं मला काही ऐकूच येत नव्हतं. सुई हलायची आणि माझ्या डोक्यात लाह्या फुटायच्या. आणि सुई खरं बोलत होती म्हणून मीही खरी ठरत होते.

पुढच्या खेपेला मी चाचांना सगळं सांगितलं. मग त्यांनी न विचारता लाटणं उचललं. मी सुईकडे पाठ केली, डोळे मिटले आणि तळहात भांड्यावर ठेवला. मला स्वतःला एकदा बघायचंच होतं. बराच वेळ गार पोलाद. मागं वेल्डिंगचा आवाज, दूर कुठं ट्रकचा हॉर्न. मग हाताखाली जरा वेगळं वाटलं. भास असेल म्हणून हात काढला, परत ठेवला. कोमट. मग चांगलंच कोमट. आत एवढा धातू फुटत होता, चिरत होता, पीठ होत होता, आणि माझ्यासाठी सगळं मुकं होतं. दार लावलेल्या घरात कुणीतरी वावरतंय आणि पाऊल वाजत नाही, तसं ते होतं. मी घाबरले. हात मात्र काढला नाही.

“लागल्या!” चाचा आनंदानं ओरडले. “ताई, लागल्या की हो! काय मस्त आवाज हाय!”

मी डोळे उघडले, मागं वळले. समोर सुई उतरत होती. आणि लगेच, अगदी लगेच, लाह्या तडतडायला लागल्या.

आता आमच्याकडे कान चाचांचा आणि हात माझा. दोघांचं जमल्याशिवाय चावी उघडत नाही. शेडमधली माझी जागा राहिली. पण भट्टीसमोर बसले की जुना प्रश्न परत येतो. धातू नसतो तेव्हा त्याची दिशा कुठं राहते, आणि आवाज नसतो तेव्हा तो माझ्यात कुठं राहतो, हे मला एकाच जागचे प्रश्न वाटतात.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. पण आता मी त्यांच्याकडे बघते. संध्याकाळची बुद्धवंदना झाली की ते ओट्यावर येऊन बसतात. रस्त्यावरून कामगारांची बस जाते, पाळी सुटून आलेली, खिडक्यांत दमलेली डोकी. ती वळण घेऊन दिसली की बाबांची मान वर होते. इतकी वर्षं मी त्यांच्याशेजारी बसले आणि ती बस मला कधी दिसली नव्हती.

परवाही ती आली. बाबांनी मान वर केली. त्यांची बोटं गुडघ्यावर पडू लागली, जड, एका लयीत, घण उचलावा आणि सोडावा तशी. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आयकू येतंय का गं माय?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझी नजर त्यांच्या बोटांवर गेली. बोट वर उचललं. खाली आलं. लोखंडावर लोखंड पडलं. परत उचललं, परत पडलं, ओट्याच्या दगडातून माझ्या हाडांपर्यंत.

“व्हय बाबा,” मी म्हटलं. “येतंय.”